चार व्होल्टचं रीडिंग

डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं एक ठरलेलं दुखणं असतं. प्रवेशाच्या फेऱ्या आटोपेपर्यंत बाकीच्यांचं कॉलेज कधीच सुरू झालेलं असतं. २०१५ च्या ऑगस्टअखेर मी ट्रंक घेऊन पुण्यात उतरले तेव्हा नेटवर्क अ‍ॅनॅलिसिसचं पहिलं युनिट संपलं होतं, बॅचेस पडल्या होत्या आणि कोण कुणाशेजारी बसणार हेही ठरून गेलं होतं. माझ्या वाट्याला लॅबमधलं शेवटचं टेबल आलं, खिडकीकडचं. तिथली ट्यूबलाइट सारखी फडफडायची.

आमचं सांगोल्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. डाळिंबाच्या बागा आणि बोअरच्या मोटारी यांवर अख्ख्या घराचं चालतं. उन्हाळ्यात रात्री अकरालासुद्धा कुणीतरी जळालेली सबमर्सिबल टेम्पोत घालून आणतं आणि ‘उद्या पाणी नाही दिलं तर बाग गेली’ म्हणत पायरीवर बसून राहतं. मी सातवीत असल्यापासून अण्णांना टर्न मोजून द्यायची. स्लॉटमध्ये पेपर कसा घालायचा, वार्निश किती वाळू द्यायचं, हे मला व्याकरणाच्या आधी येत होतं. त्यामुळे इलेक्ट्रिकल म्हणजे आपलंच घर, असा एक ताठा होता. तो पहिल्याच प्रॅक्टिकलला उतरला.

पहिलं प्रॅक्टिकल केव्हीएल आणि केसीएल, म्हणजे किरचॉफचे व्होल्टेजचा आणि करंटचा असे दोन नियम, पडताळून पाहण्याचं. कुठल्याही बंद लूपमधल्या व्होल्टेजची बेरीज शून्य, कुठल्याही जोडावर जेवढा करंट येतो तेवढाच जातो. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की किरचॉफनं हे नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो विद्यार्थीच होता, २१ वर्षांचा. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘म्हणजे त्याची सबमिशन वेळेवर झाली होती.’

माझी पार्टनर नाशिकची, बारावीतून आलेली. अक्षर मोत्यासारखं, रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांचा कलर कोड तोंडपाठ. मी रेझिस्टर ओळखायचे ते मापावरून आणि जळाल्याच्या वासावरून. कॉन्टॅक्टर, स्टार्टर, फोर पोल मोटार याच्या पलीकडे डिप्लोमात आमचा फारसा हात पडलाच नव्हता. ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी खोचून सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड, मी दोनदा पाहिला असेल. आम्ही १ के (म्हणजे १००० ओहम), २.२ के आणि ४७० ओहम असे तीन रेझिस्टर सिरीजमध्ये लावले, वरच्या पट्टीला १० व्होल्ट दिले आणि मीटर लावला. शून्य. कुठेही लावा, शून्य.

पार्टनरनं सगळ्या वायरी उपटून पुन्हा लावल्या. पुन्हा शून्य. मग तिनं रेझिस्टर बदलले. फडफडत्या ट्यूबखाली तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टे एकमेकांचे भाऊ दिसतात, त्यामुळे १ केच्या जागी १० के तर लागला नाही ना, अशी तिला शंका. पण रेझिस्टर चुकला तर रीडिंग चुकेल, शून्य कसं येईल? दुकानात मोटार आली की अण्णा आधी विचारतात, ‘सप्लाय कुठवर येतोय?’ विजेच्या मीटरच्या पिनमधून सुरुवात करायची, कटआउट, स्टार्टर, केबल असं चालत चालत मोटारीपर्यंत जायचं. मी तसंच केलं. पॉवर सप्लायच्या टर्मिनलवर १०. ब्रेडबोर्डच्या पट्टीच्या डाव्या टोकाला १०. मधोमध १०. त्याच्या पुढच्या भोकात शून्य.

ब्रेडबोर्डवरची ती लांब पट्टी काही बोर्डांत मध्येच तुटलेली असते. वरची लाल रेघ नीट पाहिली तर तीही तिथे खंडित असते, पण ते कुणी सांगत नाही. अर्ध्या इंचाची वायर टाकून दोन्ही अर्धे जोडले आणि सगळं सुरळीत झालं. पार्टनर माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागली. मीही तिच्याकडे पाहत होते, कारण मी मेश इक्वेशनमध्ये, म्हणजे लूपच्या समीकरणात, चिन्ह कुठलं घ्यायचं यावर अडले होते आणि तिनं तीन ओळीत उत्तर काढून चौकट मारली होती. तिथून आमची वाटणी ठरली. जोडणी माझी, गणित तिचं. सोयीची होती, पण चुकीची होती.

आता ‘रीडिंग बसवणं’ म्हणजे काय ते सांगते, कारण इंजिनिअरिंगला गेलेल्या प्रत्येकानं ते केलेलं असतं आणि कुणी लिहीत नाही. ऑब्झर्वेशन टेबलमध्ये दोन कॉलम असतात, थिऑरेटिकल आणि प्रॅक्टिकल. खरं तर दुसरा कॉलम लॅबमध्ये भरायचा. प्रत्यक्षात सीनियरचं जर्नल मिळवायचं, पहिला कॉलम गणितानं भरायचा आणि दुसऱ्यात पहिल्यातलेच आकडे थोडेसे खरवडून लिहायचे. ५ ला ४.९६, १० ला ९.९३. अगदी तंतोतंत लिहिलं तर पकडले जाल, फार लांब लिहिलं तर पुन्हा करायला लावतील. एक टक्का फरक हा सभ्य फरक. आमच्या बॅचमध्ये एकजण तर कॅल्क्युलेटरवर रँडमचं बटण दाबून फरक काढायचा, म्हणजे तेवढा प्रामाणिकपणा त्यानं राखला होता.

थेवेनिनच्या सिद्धांताच्या प्रॅक्टिकलला आम्हीही तेच केलं. सर्किट साधं होतं. १० व्होल्ट, दोन सारखे रेझिस्टर सिरीजमध्ये, खालच्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचं. निम्मं येणार, ५. मॅन्युअलमध्ये १ केचे रेझिस्टर होते. मॅडमनी त्या दिवशी काही न बोलता प्रत्येक टेबलावर १०० केचे ठेवले आणि डिजिटलऐवजी काट्याचे मल्टिमीटर दिले. आम्हाला वाटलं, डिजिटल दुसऱ्या बॅचला गेले असतील. रेझिस्टर दोन्ही सारखेच आहेत ना, मग निम्मंच येणार. मीटर लावायच्या आधीच पार्टनरनं ४.९६ लिहून टाकलं.

मॅडम टेबलापाशी आल्या. जर्नल पाहिलं. म्हणाल्या, ‘मीटर लाव.’

मी १० व्होल्टच्या रेंजवर मीटर लावला. काटा चारवर गेला आणि तिथेच थांबला. चारच्या किंचित अलीकडे, पण चारच. मी प्रोब दाबून धरले, बोर्ड हलवून पाहिला, सप्लाय पुन्हा तपासला. १० च होते. चेहरा गरम झाला. पार्टनरनं हळूच जर्नलवर हात ठेवला, जणू ४.९६ झाकल्यानं ते पुसलं जाणार होतं.

मला वाटलं आता ऐकवणार. मॅडमनी विचारलं, ‘हा मीटर सर्किटच्या बाहेर आहे की आत?’

एवढं विचारून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

त्या डायलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, डीसीला २० किलोओहम प्रति व्होल्ट. रोज डोळ्यांसमोर असून आम्ही ते कधी वाचलं नव्हतं. म्हणजे १० व्होल्टच्या रेंजवर हा मीटर स्वतःच २०० केचा एक रेझिस्टर आहे. आम्ही खालच्या १०० केला समांतर आणखी २०० के जोडत होतो आणि मग विचारत होतो, तुझ्यावर व्होल्टेज किती? तो खरंच सांगत होता. मीटर लागल्यावर तिथे चारच व्होल्ट होते.

हे समांतर जोडणीचं गणित करून काढता येतंच. पण पार्टनरनं ते थेवेनिननं केलं आणि मला तो सिद्धांत पहिल्यांदा दिसला. दोन टोकांतून आत पाहिलं तर सगळं सर्किट म्हणजे ५ व्होल्टची एक बॅटरी आणि तिच्यासोबत ५० केचा एक रेझिस्टर, बस. आत काय भानगड आहे त्याच्याशी आपल्याला घेणं नाही. त्याला २०० केचा मीटर लावला. एकूण २५० के. त्यातला मीटरचा वाटा पाचात चार. पाचाचे चार पंचमांश, चार. पूर्ण चार! १ केचे रेझिस्टर असते तर आतला रेझिस्टन्स अर्धा के निघाला असता, २०० केच्या मीटरनं तिथे ४.९९ दाखवलं असतं आणि मीटरची ही खोडी जन्मात कळली नसती. मग आम्ही शेजारच्या बॅचकडून डिजिटल मीटर मागून आणला. तो १० मेगाओहमचा. त्यानं ४.९७ दाखवलं. पार्टनरनं बसवलेल्या ४.९६ च्या इतकं जवळ की दोघींना हसू आवरेना.

लेओं थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला इंजिनिअर. त्यानं हे १८८३ मध्ये मांडलं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं तीस वर्षं आधीच तशीच गोष्ट लिहून ठेवली होती, पण नाव थेवेनिनचं राहिलं. तारखात्यातल्या माणसाला हे सुचावं यात मला तरी नवल वाटत नाही. त्याच्या हातात मैलोन्मैल गेलेल्या लाइनची दोनच टोकं असणार.

रात्री घरी फोन केला तेव्हा अण्णांना हे सगळं सांगितलं. आमच्या दुकानात सिरीज बोर्ड आहे. मोटारीला थेट सप्लाय न देता मध्ये एक बल्ब घालायचा. कॉइल शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, ठीक असेल तर मंद राहतो, ओपन असेल तर पेटतच नाही. अण्णा ऐकून घेत होते. मग म्हणाले,

‘म्हणजे तुमचा मीटर बल्बच की.’

‘हो, मोठ्या रेझिस्टन्सचा.’

‘मग बारक्या फॅनला दोनशे वॅटचा बल्ब लावल्यासारखं केलं तुम्ही. मोटार बघून बल्ब निवडायचा असतो, ताई. त्यात शिकायचं काय एवढं?’

दहावीच्या पुढे न गेलेल्या माणसाला हे ठाऊक होतं आणि मी टर्न मोजत त्याच्या शेजारी बसूनही मला ते ठाऊक नव्हतं, याचं जरा वाईट वाटलं. फोन ठेवून मी जर्नलमधलं ४.९६ खोडलं आणि वर ४.० लिहिलं. खाली अर्धं पान कारण लिहिलं.

लॅबमधली बाकीची प्रॅक्टिकल्स कशी झाली ते सगळं सांगत बसत नाही. दोन वॉटमीटरच्या पद्धतीनं थ्री फेज मोटारीची पॉवर मोजताना मी राणी होते. ४१५ व्होल्टला बारावीवाले दबकून असायचे, म्हणून आर, वाय, बी या तीन फेज जोडायचं काम दर बॅचला माझ्याकडे यायचं. मोटार नो लोडला चालवली की पॉवर फॅक्टर अर्ध्याच्या खाली जातो आणि एका वॉटमीटरचा काटा उलटा फिरून खुंटीला टेकतो. पोरं ‘जोडणी चुकली’ म्हणून ओरडायची. चुकलेली नसायची. त्या मीटरची एक कॉइल उलटी जोडायची आणि येईल ते रीडिंग उणे धरायचं.

रेझोनन्सनं मात्र छळलं. १० मिलिहेन्रीची कॉइल, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर, सगळे सिरीजमध्ये. गणितानं रेझोनन्स, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांचा परिणाम खोडतात तो बिंदू, ५०३३ हर्ट्झला. फंक्शन जनरेटरची फ्रिक्वेन्सी वाढवत न्यायची आणि सीआरओच्या, म्हणजे वेव्ह स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राच्या, एका चॅनलवर रेझिस्टरचं व्होल्टेज पाहायचं. ते जिथे सर्वांत मोठं, तिथे रेझोनन्स. वेव्ह छान मोठी होत चालली होती. तेवढ्यात पार्टनर म्हणाली, कपॅसिटरवर किती येतं तेही पाहू. तिनं दुसऱ्या चॅनलचा प्रोब कपॅसिटरच्या एका टोकाला आणि त्याची ग्राउंडची मगरचिमटी दुसऱ्या टोकाला लावली. त्याच क्षणी पहिल्या चॅनलवरची वेव्ह सपाट झाली. सरळ हिरवी रेघ.

प्रोब गेला असं समजून आम्ही तीन प्रोब बदलले. लॅब असिस्टंट आले, त्यांनी पाहिलं आणि सहजपणे म्हणाले, ‘सीआरओची अर्थ पिन काढून टाका, होईल.’ त्यांचं निदान बरोबर होतं. दोन्ही चॅनलचं ग्राउंड आतून एकच असतं, ते अर्थ पिनमधून लॅबच्या अर्थिंगला जातं आणि जनरेटरचं ग्राउंडही तिथेच येतं. कपॅसिटरच्या त्या टोकाला चिमटी लावली म्हणजे आम्ही रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना ग्राउंड जोडून तो शॉर्ट केला होता. निदान बरोबर, पण औषध भयंकर. अर्थ पिन काढली की सीआरओची अख्खी बॉडी हवेत तरंगते. तिथे जे व्होल्टेज येईल ते हात लावणाऱ्याला. आमच्या दुकानात सिरीज बोर्डाच्या वर अण्णांनी रंगानं लिहिलंय, ‘अर्थिंग काढेल तो घरी जाईल.’ त्याचे दोन्ही अर्थ होतात. मी पिन काढू दिली नाही. असिस्टंट काका थोडे नाराज झाले. मग मॅडमनी दाखवलं. दोन्ही चॅनलच्या चिमट्या खऱ्या ग्राउंडलाच ठेवायच्या, एक प्रोब कपॅसिटरच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मग दुसरा चॅनल इन्व्हर्ट करून अ‍ॅडचं बटण दाबायचं. वजाबाकी स्क्रीनवर येते. कुणाला काही उपटावं लागत नाही.

रेझोनन्स ५ किलोहर्ट्झच्या आसपास बरोबर आला. पण त्याची उंची? पुस्तकाप्रमाणे रेझोनन्सला कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणजे जनरेटरला काही जोडलेलं नसताना त्यावर लावलेले २ व्होल्ट जसेच्या तसे रेझिस्टरवर यायला हवेत. आमचे १.१ आले. एव्हाना मी शहाणी झाले होते. कॉइलचा नुसता तारेचा रेझिस्टन्स मल्टिमीटरनं मोजला, ३० ओहम. जनरेटरच्या सॉकेटखाली छापलेलं वाचलं, ५० ओहम. आमचे १०० धरून १८०. दोनाला १०० भागिले १८०, म्हणजे १.११. पुन्हा थेवेनिन, या वेळी जनरेटरच्या पोटात. क्वालिटी फॅक्टर, म्हणजे रेझोनन्स किती टोकदार ते सांगणारा आकडा, गणितानं ३.१६ होता, तो १.७६ वर उतरला. सगळं लिहिलं, खाली कारण लिहिलं. त्या आठवड्यात मॅडम रजेवर होत्या, जर्नलं दुसऱ्याच सरांनी तपासली. त्यांनी १.७६ भोवती लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘रिपीट’. शेजारच्या टेबलावरच्या बसवलेल्या ३.१ ला ‘गुड’ मिळालं होतं. पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी रिपीट केलं. पुन्हा १.७६.

वर्गातल्या ट्रान्झियंटनं, म्हणजे स्विच टाकल्यावर व्होल्टेज आणि करंट कसे बदलत जातात त्या गणितानं, वेगळं रडवलं. त्यासाठी लागणारं लाप्लास ट्रान्सफॉर्म मी डिप्लोमात पाहिलं होतं ते एसटीच्या खिडकीतून गाव पाहावं तसं. एम थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या, तासाला बाकीचे पार्शल फ्रॅक्शन करून मोकळे होत तेव्हा मी अजून खालच्या एसला आणि वरच्या एसला वेगळं करत असे. मदतीला आलं ते दिवाळीतलं दुकान. पंपाचे काळे कपॅसिटर तपासून झाले की अण्णा आजही दोन्ही टोकांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकतात. टचकन ठिणगी उडते आणि ड्रायव्हरच्या टोकाला एक खड्डा वाढतो. त्या सुट्टीत मी १० केचा, ५ वॅटचा एक रेझिस्टर नेला आणि दोन चिमट्या लावून दिल्या. कपॅसिटर ३६ मायक्रोफॅरडचा. आर गुणिले सी, ०.३६ सेकंद. मीटर लावून बसले. काटा आधी भसकन पडला, मग आळसावत आळसावत खाली आला. सुरुवातीला घाई आणि शेवटी रेंगाळणं, फळ्यावरचा तोच उतार. पाच वेळा आरसी म्हणजे १.८ सेकंद, तेवढ्यात काम तमाम. ‘आवाज नाही झाला तर उतरला कसं कळणार?’ हा अण्णांचा आक्षेप होता. रेझिस्टर अजून खिळ्याला टांगलेला आहे. ड्रायव्हरचे खड्डे वाढतच आहेत.

ओरलला एक्स्टर्नल परीक्षक बाहेरगावचे होते, चष्मा नाकाच्या टोकावर. आदर्श व्होल्टेज सोर्सचा आतला रेझिस्टन्स किती, शून्य. करंट सोर्सचा, अनंत. हे झाल्यावर त्यांनी माझं जर्नल चाळलं आणि थेवेनिनच्या पानावर थांबले.

‘थिअरी पाच, प्रॅक्टिकल चार. वीस टक्के एरर. हे पुन्हा का नाही केलं?’

‘केलं सर, तीनदा. तिन्ही वेळा चारच आलं.’

त्यांनी खालचं अर्धं पान वाचलं. वाचताना ओठ हलत होते. मग म्हणाले, ‘हाच मीटर ५० व्होल्टच्या रेंजवर असता तर?’

रेंज ५०, म्हणजे मीटर १ मेगाओहमचा. आतले ५० के. पाचाला हजार भागिले एक हजार पन्नास. मी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, ‘४.७६. पण त्या रेंजवर काटा इतका खाली असेल की नीट वाचता येणार नाही.’

‘मग कुठली रेंज घ्याल?’

‘डिजिटल मीटर घेईन, सर.’

ते हसले की खोकले ते कळलं नाही. ‘पुढचा पाठवा,’ म्हणाले.

नेटवर्कला चांगले मार्क पडले. एम थ्रीला बरोबर ४० पडले, म्हणजे काठावरून पलीकडे. पार्टनरनं मला गणित शिकवायचं आणि मी तिला जोडणी, अशी वाटणी आम्ही पुढच्या सेमिस्टरला बदलली. आठवड्याआड अदलाबदल.

पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर डिप्लोमातून आलेली एक मुलगी होस्टेलवर माझं जर्नल मागायला आली. उशिरा आलेल्यांचं दुखणं मला माहीत होतं, दिलं. आठवड्यानं परत द्यायला आली तेव्हा फारच आभार मानत होती.

‘आणि ताई,’ ती जाता जाता म्हणाली, ‘थेवेनिनच्या पानावर तुमचं एक रीडिंग चुकून चार पडलंय. मी माझ्यात ४.९६ करून घेतलं.’